चादरी वाळत नाहीत

पेंटरांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण घरातल्या वॉशिंग मशीनवर काय लिहिलंय हे कधी वाचलं नव्हतं. ते खातं बायकोचं. तिला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि ती अंथरुणाला खिळली तेव्हा ते पहिल्यांदा त्या मशीनपुढे उभे राहिले. धुणं झाल्यावर मशीन कपडे गरगर फिरवून पिळायचं. किती जोरात फिरवायचं ते ठरवायला एक बटण होतं. चारशे, आठशे, बाराशे. ती कितीवर ठेवायची, कुणास ठाऊक.

त्यांनी तिलाच विचारलं. पलंगाशी बसून एकेक आकडा सावकाश म्हटला आणि बरोबर आला की डोळे मीट, असं सांगितलं. तिने तिन्ही आकड्यांना डोळे मिटले. मग डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं, तेव्हा त्यांनी तो नाद सोडला.

दिवसातून दोनदा, कधी तीनदा चादर बदलावी लागे. हवा कोंदट, आभाळ भरलेलं, आणि गॅलरीत ऊन औषधालाही येत नसे. चारशेवर पिळलेली चादर ओल्या पोत्यासारखी जड निघायची, दुसऱ्या दिवशीही तिच्या काठाला गारवा असायचा. परगावच्या मुलीने फोनवर सांगितलं, बाबा, सरळ बाराशेवर ठेवा, अर्धी वाळूनच बाहेर येते. तिचं मशीन नवं होतं.

बाराशेवर यांचं जुनं मशीन थयथयाट करायचं. नुसतं थरथरायचं नाही, सरकत सरकत मोरीतून दारापर्यंत यायचं. पेंटर दोन्ही हातांनी ते दाबून धरत आणि दातांवर दात ठेवून उभे राहत. पण चादर मात्र छान निघायची. पंख्याखाली टाकली की जेवणं होईपर्यंत वाळायची.

खालच्या मजल्यावर एक सिस्टर राहायची. हॉस्पिटलात तिला कायमची रात्रपाळी. सकाळी येऊन झोपायची आणि संध्याकाळी कामावर निघण्याआधी आपणहून वर येऊन काकूंच्या कमरेखालची जखम धुऊन पट्टी बदलायची. एका कुशीवर पडून पडून ती जखम झाली होती. अंग कोरडं राहिलं तरच ती भरेल, चादर जराही दमट नको, हे तिने पेंटरांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं. तिचा शब्द ते तंतोतंत पाळत होते.

एका संध्याकाळी पट्टी बांधताना तिच्या हातातली कात्री दोनदा पडली. पेंटरांनी विचारलं, बरं नाही का. ती आधी काही नाही म्हणाली. मग पट्टीचं टोक चिकटवून झाल्यावर, मान वर न करता बोलली.

"काका, राग मानू नका. तुमचं मशीन फिरायला लागलं की माझा पलंग हलतो. परवा वॉर्डात मला उभ्या उभ्या झोप लागली. एका पेशंटचं सलाइन संपलेलं मला कळलंच नाही."

कोरडी चादर मागणारी तीच, आणि त्या चादरीपायी झोप उडालेलीही तीच. उद्यापासून आवाज येणार नाही, एवढंच ते म्हणाले.

रात्री लावावं, ती घरी नसताना, असं त्यांच्या मनात आलं. त्याआधी मेकॅनिकला दाखवलं. त्याने झाकण काढलं, बॅटरी मारली आणि नुसती मान हलवली. आतल्या स्प्रिंगा गेल्या होत्या आणि या जुन्या मशीनच्या स्प्रिंगा आता येत नव्हत्या. चारशेच्या वर न्याल तर एक दिवस ड्रम निखळून बाहेर येईल, असं सांगून तो गेला. मुलीने लगेच नवं मशीन पाठवते म्हटलं. तेही निघालं, पण वाटेत कुठल्याशा गोदामात अडकलं. पेंटर फोन करत राहिले आणि पलीकडून गोड आवाजात थांबायला सांगत राहिले.

तोवर चारशे. पेंटर चादरीचं एक टोक नळाला अडकवून दुसरं टोक हातांनी पिळत. बोटं वळेनाशी झाली. मग ओल्या चादरीवर इस्त्री फिरवत, तेव्हा खोलीभर वाफ व्हायची. वरवर कोरडी लागणारी चादर अंगाखाली गेली की पुन्हा दमट व्हायची. बायको त्यांच्याकडे बघत असायची. ती थांबवतेय की घाई करतेय, त्यांना कळत नसे.

जखम चिघळली. सिस्टरने पट्टी सोडली, बघितलं आणि हॉस्पिटलात फोन लावला. बायकोला ती आपल्याच हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथे चादरी बदलायला माणसं होती. पेंटर पलंगाशेजारच्या स्टुलावर नुसते बसून राहत. चादर पाहिली की हात आपोआप तिच्याखाली जाई, ओल आहे का ते बघायला. नसायची. पू रक्तात गेलाय, आता औषध किती लागू पडतं ते बघायचं, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस, ते कुणी सांगेना.

नवं मशीन आलं ते अशाच एका सकाळी, पेंटर आंघोळीपुरते घरी आले असताना. माणसांनी ते मोरीत बसवलं, जुनं उचलून नेलं. पायऱ्यांवरचा आवाज ऐकून सिस्टर वर आली. पेंटर मशीनसमोर उभे होते. धुवायला त्यांचे दोन शर्टच होते.

"शर्टांना किती ठेवतात?" त्यांनी विचारलं.

सिस्टरने बटणाभोवतीचे आकडे वाचले. तिच्याकडे मशीनच नव्हतं, ती हातानेच धुवायची. "मला काय माहीत, काका," ती म्हणाली. "काकूंनाच माहीत असणार."

मग तिनेच मधला कुठलासा आकडा लावला आणि बटण दाबलं. काहीच हललं नाही, काहीच ऐकू आलं नाही. दोघं वाट बघत उभी राहिली. शेवटी पेंटरांनी झाकणावर तळहात ठेवला.

"चालू आहे ना हे?"

तिनेही शेजारी हात ठेवला. "आहे," ती म्हणाली, आणि जांभई आली तरी खाली गेली नाही.