खेचरांचं मैदान

लढाईच्या दिवसांत नगरमधलं गवताचं मैदान लष्कराने तंबूंसाठी घेतलं आणि डेव्हिड मास्तरांच्या फुटबॉल टीमला खेळायला जागा उरली नाही. छावणीच्या कडेला एक मुरमाड माळ होता. पलटणीची खेचरं तिथे वर्षभर बांधलेली असत; ती हलवल्यावर माळ मोकळा झाला. डेव्हिड आणि पोरांनी दगड वेचले, लीद ओढून बाजूला केली, चुन्याच्या रेघा मारल्या.

डेव्हिडचा धाकटा भाऊ कृपादान गोलकीपर होता. सुतारकाम करायचा, हसरा, अंगाने लांबसडक.

"इथं झेप घ्यायची नाही," डेव्हिडने त्याला बजावलं. "चेंडू गेला तर जाऊ दे."

"दादा, मग मला उभं कशाला करतोस?" कृपादान म्हणाला.

राहुरीच्या टीमविरुद्धच्या सामन्यात त्याने झेप घेतलीच. चेंडू अडला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली, जखमेत मुरूम रुतला. टीममधल्या बन्सीने तांब्याभर पाणी ओतलं, घरी आई मरियाबाईंनी हळद भरली. दुसऱ्या दिवशी कृपादान कामावर गेला.

आठवडा उलटला. जखमेवर खपली धरली होती. सकाळी न्याहारीला बसला आणि भाकरीचा तुकडा त्याच्या दातांतच अडकला.

"आई, तोंड उघडंना."

मरियाबाईंना वाटलं दाढ दुखत असेल. दुपारी त्याची मान ताठली तेव्हा डेव्हिडने त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खपली पाहिली, कुठे पडला ते विचारलं. खेचरांचं नाव निघताच ते म्हणाले,

"धनुर्वात आहे. जनावरांच्या लिदीतून जमिनीत जातो. याच्या विषावरची लस आमच्याकडे संपली आहे, सगळी लढाईवर जाते. पुण्याला मिळाली तर बघा."

डेव्हिड मिळेल त्या गाडीने गेला. दौंडला लष्करी गाड्यांसाठी त्याची गाडी तासन्‌तास थांबवून ठेवली. तो फलाटावर येरझाऱ्या घालत राहिला. गाडी सोडा म्हणायचं तरी कुणाला? पुण्यात हातापाया पडून त्याने लस मिळवली आणि परत आला.

डॉक्टरांनी ती लगेच टोचली. मग डेव्हिडला बाहेर घेऊन ते म्हणाले, "पुढचं विष कदाचित थांबेल. जे नसांत शिरलंय, ते आता सुटत नाही."

खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. जरा आवाज झाला की कृपादानचं अंग कमानीसारखं उचललं जाई. शुद्ध मात्र शाबूत होती. डोळे सगळ्यांना ओळखत होते. डेव्हिडने वहाणा काढल्या. हात लावला तरी झटका येई, म्हणून तो नुसता उशाशी बसला. मरियाबाई ओठ हलवून प्रार्थना करत होत्या, आवाज न काढता.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका झटक्यात त्याचा श्वास अडकला, तो परत आलाच नाही.

माती दिल्यावर महिन्याभराने बन्सी घरी आला. "मास्तर, बेलापूरची टीम येतो म्हणतीय."

"त्या माळावर पाऊल टाकायचं नाही."

"मग कुठं खेळायचं?"

गवताचं मैदान परत मिळावं म्हणून डेव्हिड लष्कराकडे दोनदा अर्ज घेऊन जाऊन आला होता. गेटावरूनच परत पाठवलं होतं.

"निदान बूट घाला," शेवटी तो म्हणाला.

बन्सीने खाली स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहिलं; सगळ्या टीममध्ये बूट कुणाकडेच नव्हते.