बावन्न मिनिटांची चाळीस मिनिटं

मित्रांनो, भराभर बसा बघू. वाट पाहणं मला जमत नाही. मी एक जुनं स्टॉपवॉच आहे, सेलवर नव्हे, चावीवर चालणारं. भिंतीवरची घड्याळं दिवसभर आरामात टकटक करत असतात, त्यांना कुठे पोहोचायची घाई नसते. मला मात्र कोणीतरी सोडलं की पळायचं आणि कोणीतरी अडवलं की उभं राहायचं, एवढंच ठाऊक आहे. त्यातलं पळणं मला आवडतं. उभं राहणं अजिबात आवडत नाही.

ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझ्या पोटात एक स्प्रिंग घट्ट गुंडाळून बसवली. तेव्हापासून माझ्या जिवाची ही तगमग सुरू झाली. माझ्या डोक्यावर एक बटण आहे, ते दाबलं की मी सुटतो. कडेला एक छोटा खटका आहे. तो ओढला की मी आहे तिथे थांबतो आणि सोडला की तिथूनच पुढे निघतो. मित्रांनो, हा खटका नीट लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातलं सगळं बरंवाईट त्याच्यामुळे झालं.

तळा गावच्या एका शाळेत चांगदेव सर खेळाचे शिक्षक होते. त्यांनी मला विकत घेतलं ते कबड्डीसाठी. आमच्या रायगडात कबड्डी म्हणजे काय, हे मी तुम्हांला सांगायला नको. गाव तिथे संघ आणि संघ तिथे भांडण. सर सामन्याचे वेळाधिकारी असत, म्हणजे टेबलाशी बसून वेळ मोजणारे. वीस मिनिटांचे दोन डाव मिळून चाळीस मिनिटांचा सामना. खेळाडू जायबंदी झाला, आखणी पुसली गेली किंवा लोक मैदानात घुसले की पंचांची शिट्टी वाजे आणि सर खटका ओढत. मोडलेला वेळ खेळाडूच्या नावावर मांडायचा नाही, हा नियम. सरांनी तो इतकी वर्षं पाळला की त्यांचा अंगठा आपोआप खटक्यावर जायचा.

काय दिवस होते ते! आगरदांड्याहून लाँचने दिघीला जायचं, तिकडे सामने खेळवायचे, पुन्हा पाणी ओलांडून परत यायचं. सरांच्या छातीवर मी काळ्या दोरीने लटकलेला असायचो. एकदा आमच्याच गावाने एका गुणाने अंतिम सामना हरल्यावर टेबलाला गराडा घातला. "टायम खाल्लाव सर तुम्ही!" असा ओरडा झाला. तेव्हा त्यांच्यातलेच, आमच्या वस्तीतले म्हातारे भिकूदादा पुढे आले आणि म्हणाले, "चांगदेवच्या घड्यालाला खोटं बोलता येत न्हाय. चला, सरका मागं." त्या दिवशी मी फुगून दुप्पट झालो होतो. मित्रांनो, तेवढी स्तुती मला पुन्हा कधी मिळाली नाही.

मग मैदानांवर दिव्यांची मोठी घड्याळं आली. लांबून सगळ्यांना दिसणारी, लाल आकड्यांची. सर निवृत्त झाले आणि मी कपाटाच्या खणात गेलो. माझ्या सोबतीला सेफ्टी पिना, जुन्या चष्म्याची काडी आणि डांबराच्या गोळ्या. सात वर्षं! पोटात स्प्रिंग असलेल्याने सात वर्षं काय करायचं, तुम्हीच सांगा.

मला बाहेर काढलं ते प्रांजलीसाठी. ती सरांची एकुलती एक मुलगी. नर्सिंग शिकून ती जवळच्याच एका रुग्णालयात कामाला लागली होती, पण करारावर. अकरा महिने झाले की करार संपायचा, मग नवा कागद येईपर्यंत जीव टांगणीला. सहा वर्षं तिने तसे कागद बघितले. शेवटी तिने इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात अर्ज केला, मुलाखत दिली आणि तिथून होकारही आला. मात्र मार्चच्या आत इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी होती. बोलणं, ऐकणं, वाचणं यांत तिला चांगले गुण मिळाले. लेखनात नऊपैकी साडेसहा हवे होते, तिथे पाच आले. कारण एकच, निबंध अपुरा राहिला.

निबंध अडीचशे शब्दांचा आणि वेळ चाळीस मिनिटं.

"चाळीस मिनिटं?" सरांनी विचारलं. "मग हा तर आपला सामनाच झाला. थांब, आपल्याकडे घड्याळ आहे."

त्यांनी मला पुसलं, चावी दिली आणि मी पुन्हा धावायला लागलो. तो आनंद काय सांगू! रोज दुपारी ड्युटीवरून आली की प्रांजली खिडकीपाशी टेबल ओढून बसायची. सर समोर खुर्चीवर, मी त्यांच्या मुठीत. विषय वाचायचा, बटण दाबायचं. 'मुलांना शाळेत स्वयंपाक शिकवावा का?' 'मोटारींना शहरात बंदी घालावी का?' प्रांजलीची पेन्सिल कागदावर पळायची आणि तिच्याबरोबर मी.

पण घर नर्सचं, मित्रांनो. वस्तीतल्या कोणाला चक्कर आली, सुई टोचायची असली, गोळी जेवणाआधी की नंतर हे विचारायचं असलं, की पावलं या दाराकडे वळायची.

"जयभीम सर. प्रांजली हाय का? जरा प्रेशर बघून दे गो पोरी."

हे भिकूदादा. रक्तदाब वाढलाय असं त्यांना रोज वाटायचं. प्रांजली उठायची. सरांचा अंगठा खटका ओढायचा. मी उभा. ती त्यांच्या दंडाला पट्टा बांधायची, फुगवायची, "दादा, बरं आहे, मीठ कमी करा" म्हणायची आणि परत येऊन बसायची. खटका सुटायचा. मग शेजारच्या मनुबाई मावशी. मग आतून आईची, तुळसाबाईंची हाक, "प्रांजली, बघ गो दारात कोन हाय ता." पुन्हा खटका. पुन्हा मी उभा, आणि आतून नुसता जळतोय.

मला तेव्हाच कळत होतं की काहीतरी चुकतंय. पट्टा बांधताना प्रांजलीचे हात भिकूदादांच्या दंडावर असायचे, पण ओठ हळूच हलायचे. पुढचा परिच्छेद ती तिथेच जुळवायची. परत आली की धडाधड लिहून काढायची. आणि पुढे पुढे तर कोणी आलं नाही तरी, ती पेन्सिल थांबवून खिडकीबाहेर बघायला लागली की सर खटका ओढायचे. "दम घेऊ दे तिला," असं स्वतःशीच म्हणायचे. ज्या माणसाने कुठल्याच गावाला एक सेकंद जास्त दिला नाही, तो माणूस! माझी काचसुद्धा शरमेने गरम व्हायची. कधी वाटायचं, त्यांना तिच्या समोर थोडं जास्त बसायला मिळावं म्हणूनच हे चाललंय. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मला फक्त काटे आहेत, आणि काटे त्यांच्या अंगठ्याखाली होते.

"चाळीस मिनिटं पुरी, निबंध पुरा!" सर रोज मला दाखवायचे आणि प्रांजली हसायची.

मग ती दुसऱ्यांदा परीक्षेला गेली. निकाल आला तेव्हा लेखनात साडेपाच. निबंध पुन्हा अपुरा.

त्या दिवशी ती रडली नाही, तेच मला जास्त लागलं. चहाचा कप हातात धरून ती म्हणाली, "आबा, मला कळतच नाही. दोन पॅरा झाले नि पेन्सिल थांबली. सगळा हॉल गप्प. मी आपली बसून राहिले. वाटत होतं, आता कोणीतरी हाक मारेल, मी उठेन, परत येईन, मग पुढचं सुचेल. कोणी हाकच मारली नाही."

सर मला हातात घेऊन म्हणाले, "पण घरी तर रोज चाळीसात होतं."

तेव्हा तुळसाबाई दारात आल्या. हाताला पीठ तसंच. "कसली चाळीस? ती लिवायला बसते तवा मी भात चढवते. भात होतो, वाल शिजतात, भाकऱ्या होतात, आन् तुमची चाळीस मिन्टं अजून सरतातच हायत! काल मी भिंतीवरच्या घड्यालात बघितलं. बावन्न झाली."

"मधे भिकूदादा आले होते," सर म्हणाले. "तो वेळ धरायचा नसतो. नियम आहे."

"कबड्डीचा नियम तो. तिला काय कबड्डी खेलायला धाडताव?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग मला टेबलावर ठेवलं आणि लेकीकडे बघत म्हणाले, "प्रांजली, चूक माझी. कोणी नसताना पण मी खटका ओढला. कितीदा तरी ओढला."

"आबा!" ती ताडकन उठली. "अख्खं वर्ष गेलं माझं!"

ती आत निघून गेली. चार दिवस टेबल खिडकीपासून दूर होतं. सर ओसरीवर बसायचे, उठायचे, परत बसायचे. मला हात लावायची त्यांची हिंमत होत नव्हती. मी पुन्हा उभा. पण खणातल्या सात वर्षांपेक्षा ते चार दिवस मला जड गेले, कारण या वेळी मार्च जवळ येत होता आणि परीक्षेची एकच तारीख उरली होती.

पाचव्या दिवशी प्रांजलीने टेबल ओढलं. मला उचलून सरांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बसा. पण दार लावून."

सर आधी बाहेर गेले. पायरीवर भिकूदादा बाही वर करून तयारच होते. "दादा, आता चाळीस मिनिटं कोणी तिला हाक मारायची नाही. मी पण नाही."

"आन् मला काय झालं तं?"

"झालं तर मला सांगा. मी तुम्हाला गाडीवर घालून नेतो."

भिकूदादा बाही खाली न करताच पायरीवर बसले. दार लागलं. बटण दाबलं गेलं आणि मी निघालो.

दोन परिच्छेद झाले आणि पेन्सिल थांबली. प्रांजली खिडकीबाहेर बघायला लागली. एक मिनिट, दोन मिनिटं. तिच्या कपाळावर घाम आला.

"आबा, ओढा ना खटका. एकदाच."

सरांचा अंगठा हलला. मला तो जाणवला, मित्रांनो. मग त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांच्यावर बसून राहिले. डोळ्यांत पाणी होतं, पण हात बाहेर काढले नाहीत. मी धावत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या धावण्याचं वाईट वाटलं.

त्या दिवशी एकशेसत्तर शब्द झाले. दुसऱ्या दिवशी एकशेनव्वद. आठवड्याने दोनशेवीस. चिडचिड झाली, कागद फाटले, एकदा तर पेन्सिल भिंतीवर गेली. पण हळूहळू ती हाकेची वाट बघायची थांबली. वस्तीलाही ती चाळीस मिनिटं पाठ झाली. मनुबाई मावशी लांबूनच खुणेने विचारायच्या, "सरली काय?"

तिसऱ्या परीक्षेला सर तिच्याबरोबर नव्या मुंबईला गेले. मला आत न्यायला बंदी होती, म्हणून मी त्यांच्या खिशात बाहेरच राहिलो. त्या दिवशी त्यांनी मला चावीच दिली नाही. त्यांना ते सोसलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

निकाल आला तेव्हा प्रांजली वाल सोलत होती. हात पुसून तिने मोबाइल उघडला आणि वाचलं, "लेखन... साडेसहा."

"म्हंजे झालं ना गो?" तुळसाबाईंनी विचारलं.

"झालं आई."

तुळसाबाई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. सरांनी मात्र गुण विचारलेच नाहीत. ते म्हणाले, "निबंध पुरा झाला होता?"

"तीन मिनिटं उरली, आबा."

"मग त्या तीन मिनिटांत काय केलंस?"

"काय नाही. पेन्सिल खाली ठेवली नि गप्प बसून राहिले." तिने परातीतला एक वाल उचलला. "कोणालाच माझ्याकडून काही नको होतं. असं बसायला मला कधी मिळालंच नव्हतं."

सरांनी तिच्या समोरची वालाची परात आपल्याकडे ओढली आणि सोलायला लागले. त्यांना ते नीट येत नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी लिहायला, वाचायला बसत असेल. ताई असेल, आईसुद्धा असेल. तिच्यावर माया असेल तर तिच्यासाठी घड्याळ अडवू नका. दार ओढून घ्या, आलेल्याला पाणी तुम्ही द्या, आणि चाळीस मिनिटं तिला हाक मारू नका.