गुलाबी मुठीचा क्लच

आमच्या घरात ती गाडी कायम 'झालीच' होती. "झालीच आता, फक्त ब्रेकचा पाइप राहिलाय." "झालीच की, वायरिंग ओढलं की संपलं." ऑपरेशन होऊन मी घरी आले त्या आठवड्यापासून हे ऐकत होते, आणि त्याला दोन वर्षं झाली. एवढ्यात लोक घर बांधतात, त्यावरून भांडतात आणि विकून मोकळेही होतात.

आमचे हे दातांचे कारागीर. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि हे घरामागच्या खोलीत बसून कवळ्या करतात. गल्लीत सगळे त्यांना 'कवळीवाले'च म्हणतात. मी ड्रायव्हिंग शिकवायचे. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी आयुष्यातला पहिला गिअर माझं ओरडणं ऐकत टाकलाय, ह्यांनीसुद्धा. एवढा भित्रा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही, म्हणून मी तोच ठेवून घेतला.

मग माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं. मी शुद्धीवर आले, डावा पाय काही आला नाही. काठी घेऊन चार पावलं टाकता येतात, पण क्लच दाबायचा तर पायात जोर लागतो, आणि तो गेला तो गेलाच. क्लासची गाडी विकली. उरली ती माझ्या बाबांची. इंग्रजी बनावटीची, दोन माणसांची, कापडी टपाची. इतकी बुटकी की आत बसलं की बूड रस्त्याला टेकेल असं वाटावं. तिचे सगळे नट इंचाच्या मापाचे, त्यामुळे घरातला एकही पाना तिला लागत नाही. बाबा गेल्यापासून ती गॅरेजात चादर ओढून पडली होती.

लेक फोनवर म्हणाली, "आई, बिनक्लचची गाडी घे ना. सोपं काम."

मी म्हटलं, "सोप्या कामांसाठी तुझे बाबा आहेत. मला गाडी चालवायचीय. गिअर टाकून."

मला काय हवं होतं ते सांगून टाकते. एकटीने, कुणाला न विचारता, कुणाचा हात न धरता फाटकाबाहेर जायचं होतं. बाकी मला कुठे जायचंही नव्हतं.

तेव्हा हेच म्हणाले, "मी तुला हाताचा क्लच करून देतो." आणि दिलाही करून, उगाच नाव ठेवणार नाही. गिअरच्या दांड्यालाच त्यांनी मोटारसायकलला असते तशी एक पट्टी बसवली. ती आवळली की तार ओढली जाते आणि क्लच सुटतो. पहिल्यांदा ती इतकी जड झाली की आवळता आवळता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग भंगारातून ब्रेकचा बूस्टर आणला, आणि इंजिनच्या ओढीवर तो जोर लावेल असं काहीतरी जमवलं. त्यापायी पुढची सगळी पाइपिंग उचकटून पुन्हा बसवावी लागली. कवळी घासायच्या बारीक मशिनवर हे गाडीचे भाग घासायचे. एकदा एका गिऱ्हाइकाच्या दाढेत पितळेचा कीस निघाला, ती एक वेगळीच रामकथा.

दांड्याची मूठ मात्र बघण्यासारखी झाली. दातांचं माप घेतात तो चिकट लगदा त्यांनी माझ्या डाव्या हातात दिला आणि म्हणाले, "गिअर धरतेस तशी धर. हलू नकोस." मी धरला. तो सुकेपर्यंत समोर उभे राहून माझ्या बोटांकडे बघत होते. मग त्या मापावरून कवळीच्याच मसाल्यात मूठ ओतली. रंग अर्थातच हिरड्यांचा, गुलाबी. "दुसरा रंग नव्हता का हो?" तर म्हणे, "ह्याच्याइतकं टिकाऊ काही नाही. लोक ह्याने हाडं फोडतात." पण हात ठेवला की प्रत्येक बोट आपल्या जागी जाऊन बसायचं. दुसऱ्या कुणाच्या हातात ती नीट बसतच नव्हती. ह्यांच्यासुद्धा.

तर अशी सगळी गाडी तयार, आणि दर रविवारी तमाशा.

रविवारी सकाळी हे माझी खुर्ची गॅरेजात मांडायचे, भिंतीकडे, तेलाच्या ट्रेपाशी. तिथून गाडी दिसायची आणि गाडीच दिसायची. मी म्हणायचे, "आज बघायची का चालवून?" हे म्हणायचे, "बघू की." चोक ओढायचे, स्टार्टर मारायचे. इंजिन घरघरायचं आणि गप्प. "अरेच्चा," हे म्हणायचे. "पंपाचं काहीतरी दिसतंय." पुढच्या रविवारी कॉइल, त्याच्या पुढच्या रविवारी कंडेन्सर. मग बॉनेट उघडून जेवणाच्या वेळेपर्यंत त्यात डोकं. मधेच मला रबराची नळी द्यायचे, "कान देऊन ठेव, इंजिन लागलं की दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतायत का तेवढं सांग." मी नळी कानाला लावून बसायचे. इंजिन लागायचं नाही. बसले होते मी तशी, कान देऊन, रविवारमागून रविवार.

त्यांच्यावर राग नव्हता तेव्हा. जुनी गाडी, जुने भाग, नाकी नऊ आणणारच. उलट मलाच वाईट वाटायचं की माझ्यासाठी हा माणूस किती खपतोय.

एका सोमवारी समोरच्या शिवणवाल्या बाई माझे कपडे द्यायला आल्या. ह्या माझ्याच हाताखाली गाडी शिकल्या. पिशवी ठेवता ठेवता म्हणाल्या, "गाडी काय मस्त झालीय हो तुमची! आवाज तर असा की शिवण बाजूला ठेवून खिडकीत आले."

"कधी?"

"गुरुवारी. दर गुरुवारीच काढतात की. वळणापर्यंत जातात आणि येतात. तुम्ही नसता ना घरी तेव्हा."

गुरुवारी मला पायाच्या व्यायामाला न्यायला गाडी येते. मी म्हटलं, "हो, हो, ठाऊक आहे मला." नाक कापून घ्यायची हौस नव्हती. बाई गेल्या आणि मी बराच वेळ पिशवीतल्या कपड्यांच्या नुसत्या घड्या घालत बसले. घडी घातलेलेच होते ते.

बुधवारी कपडे धुवायला टाकताना ह्यांच्या कामाच्या शर्टाचे खिसे तपासले. कवळीचा एक दात निघाला, तो नेहमीचाच. आणि त्याच्याखाली रोटर.

रोटर म्हणजे अंगठ्याएवढी तपकिरी वस्तू, वर पितळेची पट्टी. इंजिनाच्या बाजूला एक टोपी असते, तिच्याखाली हा फिरतो आणि प्रत्येक प्लगला त्याच्या पाळीने ठिणगी वाटतो. हा काढला की बाकी सगळं जिथल्या तिथे असूनही इंजिन नुसतं घरघरतं. माझे बाबा गाडी लावून कुठे गेले की रोटर काढून खिशात घालायचे. "आता न्या म्हणावं चोरून," म्हणायचे. आमच्या ह्यांना ती युक्ती बाबांनीच शिकवली, माझ्यादेखत.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पाय असता तर उठून गेले असते आणि त्यांच्या त्या बारीक मशिनसकट सगळं अंगणात फेकलं असतं. पण उठेपर्यंत राग जुना होतो, हा लंगडेपणाचा एक फायदा. मी रोटर माझ्या खिशात घातला आणि मूग गिळून बसले.

गुरुवारी व्यायामाहून परत आले तर हे वॉशिंग मशिनमध्ये मान घालून.

"काय शोधताय?"

"काही नाही गं. बटण. शर्टाचं."

शर्टाची सगळी बटणं जागेवर होती.

रविवार आला. ह्यांनी खुर्ची मांडली, मला बसवलं, चोक ओढला, स्टार्टर मारला. घरघर. आज त्यांच्या कपाळावर खरा घाम होता.

"आज काय?" मी विचारलं.

"आज ना... आज खरंच काहीतरी गेलंय."

"आज खरंच? मग इतके रविवार काय जात होतं?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी मूठ उघडली.

मला वाटलं होतं काहीतरी थाप मारतील. तशी मारता येत नाही त्यांना, पण प्रयत्न तरी करतील. हे हत्यारांच्या पेटीवर मटकन खाली बसले.

"अहो, लाज कशी नाही वाटली?" माझा आवाज पार समोरच्या खिडकीत गेला असणार, जाऊ दे. "मला इथे बसवता, कानाला नळी लावायला लावता, आणि ठिणगी खिशात घालून फिरता? कधी झाली गाडी?"

"झाली... बरेच दिवस झाले."

"मग?"

"मला भीती वाटते."

"कशाची? मी चालवायला विसरले असेन म्हणून? तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तू कसली विसरतेस." ते फडक्याने हात पुसत होते, हात स्वच्छ असून. "ऑपरेशनला नेलं तेव्हा त्यांनी तुझं घड्याळ माझ्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं. मी घड्याळ धरून बाहेर. तुला नाही ठाऊक ते, तू झोपलेली होतीस. ते दार अजून माझ्या डोक्यातून गेलं नाही. तू ह्या खुर्चीत असलीस की मला बरं वाटतं. आहे, समोर आहे."

"समोर आहे, पण बसलेली आहे. ते दिसत नाही का?"

त्यांनी फडक्याची घडी घातली आणि गुडघ्यावर ठेवली.

"मग एवढी मूठ कशाला केलीत?"

"मूठ तुझ्यासाठी केली," ते म्हणाले. "रोटर माझ्यासाठी काढला."

मी काठी घेतली आणि उठले. गाडीचं मडगार्ड धरून, बॉनेटवर पोट टेकवून टोपीच्या दोन्ही पट्ट्या सोडवल्या, रोटर बसवला, टोपी परत लावली. हे मदतीला उठले तर म्हटलं, "बसा." बसले.

आत शिरणं म्हणजे दिव्य होतं. आधी बूड, मग उजवा पाय, मग डावा हाताने उचलून. ते माझं मला करायचं होतं. किल्ली फिरवली आणि पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं. शिवणवाल्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या, आवाज खरंच मस्त होता.

"मी येऊ शेजारी?" ह्यांनी विचारलं.

"नको."

"फक्त वळणापर्यंत."

"अहो, नको म्हटलं ना."

गुलाबी मुठीवर हात ठेवला. बोटं आपापल्या जागी गेली. पट्टी आवळली, पहिला टाकला, सोडली. गाडी निघाली. फाटक गेलं, शिवणवाल्या बाईंची खिडकी गेली, वळण गेलं, आणि मला रडू आलं. राग होता तो तसाच होता, त्याच्यावर हे रडू. सिग्नलला पट्टी जरा लवकर सुटली आणि गाडी आचका देऊन बंद. मागचा ट्रक बोंबलायला लागला. मी क्लासमधल्या सुरात स्वतःवरच ओरडले, "क्लच हळू! घाई आहे का कुठे जायची?" नव्हती. पुन्हा सुरू केली. पुलावरून गेले, बाजारामागून गेले, जिथे विद्यार्थ्यांना गाडी मागे घ्यायला शिकवायचे त्या मैदानाला एक चक्कर मारली. वाऱ्याने केसांची पार वाट लागली. मी कुठेही उतरले नाही. कुणी कुठे चाललीस म्हणून विचारलं नाही.

परत आले तेव्हा हे माझ्या खुर्चीत बसलेले होते. भिंतीकडे, तेलाच्या ट्रेपाशी. हातात एक पाना, नुसताच धरलेला. मी गाडी आत घेतली, बंद केली, तरी उठले नाहीत.

"काय झालं?"

"इथून काहीच दिसत नाही गं," ते म्हणाले.

"नाहीच दिसत."

"दोन वर्षं कशी बसलीस तू?"

मी आधी उजवा पाय गाडीबाहेर काढला, मग डावा हाताने उचलून. मग हे उठले, बॉनेट उघडलं, टोपी काढली. मला वाटलं, पुन्हा खिशात घालतायत की काय. रोटर त्यांनी फडक्याने पुसला आणि माझ्या हातात आणून दिला.

"उद्या जाणार?"

"जाणार."

"कुठे?"

"ठाऊक नाही."

"कधी येशील?"

"तेही ठाऊक नाही."

त्यांनी मान हलवली. मग खुर्ची उचलली, गॅरेजाबाहेर नेली आणि फाटकापाशी, जिथून वळणापर्यंतचा रस्ता दिसतो तिथे नेऊन ठेवली. बसून बघितलं. थोडी डावीकडे सरकवली आणि पुन्हा बसून बघितलं.