घोड्याचा डावा कान

आमच्या घरी लाकडी घोड्याला जेवढा मान आहे तेवढा मला नाही, आणि हे मी अनुभवाने सांगते. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळची सगळ्यात चांगली जागा त्याची. तो ज्या वाकड्या पट्ट्यांवर डुलतो, त्या रोज कुणाच्या तरी नडगीवर बसतात. मग ज्याला लागलं त्यालाच "बघून चालावं" म्हणून ऐकून घ्यावं लागतं. घोड्याला कुणी बोलत नाही.

पाहुणा आला की चहाच्या आधी घोड्याचा इतिहास येतो. माझ्या सासऱ्यांचे आजोबा बोटी बांधायच्या कारखान्यात सुतार होते. उरल्यासुरल्या लाकडातून त्यांनी हा घोडा कोरला आणि बोटीचाच तांबडा रंग त्याला थरावर थर दिला. दर वेळी सांगताना आजोबांची कारागिरी थोडी वाढते. बोटीचा मालक घोडा मागायला स्वतः दारात आला होता, हे माझं लग्न झालं तेव्हा इतिहासात नव्हतं.

सगळ्यात शेवटी डावा कान. या घरात बाळाला दात यायला लागले की त्याला घोड्यापुढे धरतात आणि तो कान चावायला देतात. कानावर तीन पिढ्यांचे दात उमटलेत. सासरे बोट ठेवून दाखवतात, "हा माझा, हा आमच्या पोराचा. आणि हे टोकच नाही ना, ते आमच्या दादानं खाल्लं." सासऱ्यांचा हा दादा म्हणजे आमचे मोठे काका. सत्तरी ओलांडली तरी त्यांना शर्टाची बटणं लावून द्यावी लागतात. लहानपणी ताप डोक्यात गेला, असं घरात सांगतात. स्वभावाने इतके गोड की घरात माझं खरं पटतं ते त्यांच्याशीच.

माझ्या चिमणीला दात यायला लागले आणि तिलाही घोड्यापुढे धरलं. तिला तो कान एवढा आवडला की रडली की घोडा, कंटाळली की घोडा. मी चिडले, बडबडले, हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग चिमणीने खाणं सोडलं. पोट दुखायचं, रंग उतरला, सारखी किरकिर. "दात येतायत," सासरे म्हणाले. "दात येतायत," नवरा म्हणाला. अख्खं गाव वाहून गेलं असतं तरी आमच्याकडे दात येतायत म्हणाले असते. शेवटी मीच तिला उचलून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"जुन्या रंगाचं काही चघळते का?" त्यांनी विचारलं. मला हसू आलं, आणि रडूही. रक्त तपासलं तर त्यात शिसं निघालं. "वेळेवर आणलंत. ती वस्तू आजच्या आज लांब करा, मग उतरेल हळूहळू. शिशाचा हा रंग चवीला गोड असतो, म्हणून मुलं पुन्हा पुन्हा तिथंच जातात."

घरी येऊन मी घोडा सरळ दाराकडे ओढायला लागले. सासरे आडवे आले.

"आम्ही सगळ्यांनी चावलाय तो. कुणाला काही झालं?"

"जरा दमानं घे," नवरा म्हणाला.

नणंदेचा फोन आला. फक्त कान तासून घे, बाकीचा राहू दे, असा तिचा तोडगा. एका घोड्यापायी माझं पोर आजारी, आणि ही माणसं त्याच्या कानाचा सौदा करत होती. मला त्या क्षणी सगळ्यांचा मनापासून राग आला.

तेवढ्यात मोठे काका आतून आले आणि घोड्याच्या मानेला धरून उभे राहिले.

"नको ना नेऊस," ते मला म्हणाले. "कान गोड लागतो त्याचा."

मी घोडा सोडला. डॉक्टरीणबाईंचं बोलणं फक्त मी ऐकलं होतं. बाकीचे नेहमीसारखे काकांकडे बघून हसले.

"बाबा," मी सासऱ्यांना म्हणाले, "चवीबद्दल डॉक्टरही हेच म्हणाल्या. उद्या माझ्याबरोबर चला. मी सांगितलेलं तुम्हाला पटायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ते आले, तावातच. डॉक्टरीणबाईंना त्यांनी बोटीच्या कारखान्यापासून अख्खा इतिहास ऐकवला. कानाच्या टोकापाशी आल्यावर बाईंनी थांबवलं.

"ज्यांनी टोक खाल्लं, ते आता काय करतात?"

"त्याला ताप आला होता," सासरे म्हणाले.

"त्याआधी नीट बोलायचे?"

"आई म्हणायची, खूप बोलायचा."

"इतक्या वर्षांनी खात्रीनं सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आवाज खाली आणला. "पण नाही असंही मी म्हणणार नाही."

परत येताना गाडीत सासरे चिमणीला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना ऐकवायला माझ्याकडे कितीतरी वाक्यं तयार होती. मी चिमणीचं टोपडं सारखं केलं.

"दादा रडायला लागला की आईच त्याला घोड्यापाशी न्यायची," ते म्हणाले. मग खिडकीकडे बघत पुन्हा बोलले. "ती शेवटपर्यंत तापालाच शिव्या देत राहिली. बरं झालं."