बिनधुराची शेगडी

पोर रडलं की माझे खांदे कानाला भिडायचे. छाती दगडासारखी भरलेली, पोर तोंड मारून मारून लालेलाल, आणि पान्हा काही फुटत नव्हता. माझी आई नाही, म्हणून बाळंतपणाला गागोद्याहून सासूबाई आल्या, विमलबाई. रोह्यातली आमची भाड्याची स्लॅबची खोली त्यांनी दारातूनच नापसंत केली.

"अशी काय बसलीस गो, परीक्षेला बसल्यासारखी?" आल्या आल्या त्या म्हणाल्या. मला राग आला, पण बाई कामाची होती. माझ्या कोपराखाली उशी, पाठीशी गोधडीची वळकटी, पायाखाली पाट. "पोराकडं वाकू नको. पोराला तुझ्याकडं घे. आन् अंग सैल सोड."

"सोडायला अंग म्हणजे काय परकराची नाडी हाय?" मी म्हटलं.

त्या हसल्या. "शेक लागला का आपोआप सुटल."

गागोद्याला बाळंतिणीच्या बाजेखाली शेण्यांची शेगडी ठेवतात. धूर होतो, सगळे खोकतात, आणि तो कौलांतून निघून जातो. इथे कौलं कुठली? पोराचे डोळे चुरचुरू नयेत म्हणून सासूबाईंनी बाजारातून चांगला लाकडी कोळसा आणवला. धूर नाही, वास नाही. मी त्यांना मनोमन हात जोडले.

वासाची धास्ती माझ्या नवऱ्याला होती. आदेश धाटावला रसायनांच्या कंपनीत शिफ्ट करायचा. थंडीत तिकडचा वास खाली बसून घराघरांत शिरायचा. "काय काय सुटतं तिथं, मला विचार," असं तो म्हणायचा. त्यानं खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, वरून खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवली, दाराखाली पोतं सारलं. बाळंतिणीला वारा नको, असं सासूबाईंचंही म्हणणं. मायलेकांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच संध्याकाळी पान्हा फुटला. ऊब पाठीतून चढली, खांदे खाली आले, आणि पोर गटागटा प्यायलं. मी आनंदानं रडले. मग रोजचंच झालं. शेगडी, पोर आणि अंगभर जडशीळ सुख. डोकं दुखायचं, पण बाळंतिणीचं काय दुखत नाही? न्हाणीघरात गेले की थांबायचं, खोलीत आले की पुन्हा सुरू.

पोरही गुणाचं झालं. प्यायचं आणि मान टाकून झोपायचं. रडणं जवळजवळ बंदच. शेजारी रेबेकाबाई राहायच्या. आळीतलं बेने इस्रायली ज्यूंचं तेवढं एकच घर उरलं होतं. त्यांनी पोराच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. "दृष्ट काढा गो. इतकं गुलाबी पोर मी बघितलं नाय." सासूबाईंनी गालावरची तीट मोठी केली.

त्या संध्याकाळी गारठा फार होता, आदेश शिफ्टला गेला होता. मी पोराला घेऊन मागच्या न्हाणीघरात होते, तोवर सासूबाई दार लावून आत कोळसे फुलवत बसल्या होत्या. नेहमीपेक्षा जास्तच घातले होते. आम्ही आलो तेव्हा त्या भिंतीला टेकून पेंगत होत्या. दमल्या असतील, असं मला वाटलं. मी दार ओढून घेतलं, बाजेवर टेकले, उशी सारखी केली आणि पोराला लावलं.

अंग सैल पडलं. इतकं, की हात माझे वाटेनात. पोराचं ओढणं मंदावलं, मग थांबलं. दूध मांडीवर ओघळत होतं. मला ते कळत होतं आणि पुसावंसं वाटत नव्हतं. दारावर रेबेकाबाईंची थाप पडली. "झोपलीस काय गो?" ओ द्यावी असं वाटलं, मग वाटलं, कशाला. त्यांच्या चपला दूर गेल्या.

मला जागं केलं ते दुसऱ्या बाजूच्या छातीनं. ती भरून ठणकत होती. ठणका वाढत गेला आणि माझ्या जड डोक्यात एवढंच शिरलं, की ही भरली म्हणजे पोर बराच वेळ प्यायलेलं नाही. मी खाली पाहिलं. तोंड उघडं, मान लोंबलेली, गाल गुलाबी.

पाय उठेनात. मी पोरासकट बाजेवरून खाली घसरले. हाताला पितळी तांब्या लागला, तो खिडकीवर फेकला. काच फुटली, कागद फाटला, आणि आदेशनं इतके दिवस बाहेर अडवलेला कंपनीचा घाणेरडा वास भसकन आत आला. मी सरपटत खिडकीशी गेले आणि पोराचं तोंड त्या वासात धरलं. त्याला हलवलं, थोपटलं, शिव्या दिल्या. काचेचा आवाज ऐकून रेबेकाबाई धावत आल्या आणि त्यांनी आम्हा दोघांना बाहेर ओट्यावर ओढलं. तिथल्या थंडीत पोरानं एक उचकी दिली, आणि मग असं बोंबललं की माझं पोलकं भिजलं.

मी उकिडवी बसले होते, पाठ वाकडी, खांदे कानाला लागलेले. तशीच त्याला पाजू लागले.

"आई, बघा, पितंय!" मी आत ओरडले.

आतून ओ आली नाही. सासूबाईंना आणायला गेलेल्या रेबेकाबाई उंबऱ्याच्या आतच थांबल्या होत्या. त्यांच्या आडून मला फुललेली शेगडी दिसली, धूर नाही, वास नाही, आणि तिच्याशेजारी सासूबाई. भिंतीला तशाच टेकलेल्या, गाल पोरासारखेच गुलाबी, अंग अगदी सैल.