माझा 'ना' झिजला

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो. रबराची अक्षरं, लाकडाची मूठ. आता टेबलाच्या खालच्या खणात पडलेला असतो. सोबतीला वाळलेलं स्टँप पॅड आणि एक तुटकी फूटपट्टी, पण दोघंही बोलत नाहीत.

आम्ही दोघे भाऊ एकाच दिवशी, एकाच कारागिराच्या हातून घडलो. आम्हा शिक्क्यांची अक्षरं उलटी असतात, त्यामुळे आपण काय म्हणतो ते आपल्याला वाचता येत नाही. मला ते समोरच्यांचे चेहरे बघून समजलं. भावाचा ठसा उमटला की माणूस हसत कागद उचलायचा. माझा उमटला की मान खाली घालून निघून जायचा. भावावर 'मंजूर' होतं आणि माझ्यावर 'नामंजूर'. नशीब म्हणतात ते हेच.

आम्हाला मोज्यांच्या कारखान्यात नेलं. तिथे आमचं काम एकच, कामगारांच्या रजेच्या अर्जांवर ठसा मारायचा. साहेबांना भाऊ फारसा आवडत नसे. "नाकर्त्याचा वार शनिवार," असं म्हणत ते मलाच उचलायचे. कुणाच्या घरी लग्न असो की कुणाचा ताप उतरलेला नसो, साहेबांचा नन्नाचा पाढा चालूच. तोंड साहेबांचं, पण राग माझ्यावर निघायचा. कामगार माझ्याकडे बघायचे ते असं, की मला स्वतःचीच लाज वाटायची. मला कधी कुणी प्रेमानं हातात घेतलं नाही.

साहेबांची एक खोड होती. कानाला फोन लावायचा, कागदाकडे न बघता मला डावीकडे कलवून दाणकन आपटायचं आणि खाली सही ठोकायची. वर्षानुवर्षं सगळा भार माझ्या डाव्या कडेवर. ती कड झिजत गेली.

कारखान्यात एक बाई मोज्यांच्या टाचा शिवायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. एकदा त्या अर्ज घेऊन आल्या. आधीचा अर्ज माझ्याच ठशानं परत गेला होता. या वेळी त्या पदर घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"साहेब, आई भावाकडे असते, लांब. ती माणसं विसरायला लागलीय. परवा भावालाच म्हणाली, तू कोण रे बाबा? पण माझं नाव घेते अजून. पुरती विसरायच्या आत जाऊन येते."

"ऐन घाईतच बऱ्या सगळ्यांच्या आया आजारी पडतात," साहेब म्हणाले.

"हक्काची रजा आहे साहेब. उसनी नाही मागत."

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी सवयीनं मला उचललं. मला वाटलं, देवा, हा ठसा तरी उमटू नये. पण शिक्क्याला कोण विचारतो? दाणकन आपटला, सही झाली, आणि साहेब बोलत बोलत बाहेर निघून गेले.

मावशींनी कागदाकडे पाहिलंच नाही. डोळे पुसत वळल्या.

"मावशी, थांबा," कारकून म्हणाला. तो कोपऱ्यात बसून हजेरी लिहायचा. त्यानं कागद उजेडात धरला. "अहो, इथे मंजूर लिहिलंय."

माझा 'ना' पुरता झिजून गेला होता.

"थट्टा करू नका हो," मावशी म्हणाल्या.

"थट्टा नाही. सही आहे खाली. आजची गाडी गाठा."

दुसऱ्या दिवशी टाचांचं मशीन बंद दिसलं आणि साहेब तणतणत कारकुनाकडे आले. "ध चा मा केलास तू."

"मी कशाला करू साहेब? शिक्का तुमचा, सही तुमची." कारकुनानं कपाटामागे झाकलेली पाटी बाहेर ओढली. रजेचे नियम होते त्यावर. "आणि हे बघा. भरपगारी रजा कामगाराचा हक्क आहे. वेळेवर मागितली तर उगाच नाकारता येत नाही. मंजूर करायलाच हवी होती."

साहेबांनी पाटी वाचली की नाही, मला दिसलं नाही. त्यांनी मला या खणात भिरकावलं होतं. नवा शिक्का मागवला गेला.

मावशी परत आल्या तेव्हा खण जरासा उघडा होता.

"ओळखलं का आईनं?" कारकुनानं विचारलं.

"गेले त्या दिवशी ओळखलं. केस विंचरून दिले माझे. म्हणाली, किती वाळलीस गं. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

साहेबही तिथेच होते. ते कारकुनाला म्हणाले, "ती पाटी दारापाशी लावा. दिसेल अशी."

आता वरून भावाचा आवाजही पुष्कळदा येतो. ऐकून बरं वाटतं. पण त्याला कामातून सवड नाही, खालच्या खणात डोकावायला तर नाहीच.

मित्रांनो, उद्या मोठे होऊन तुम्ही कुणाच्या तरी अर्जावर ठसा माराल. मारण्याआधी मान वर करून समोरच्याकडे बघा. कुठेतरी कुणीतरी त्याची वाट बघत असतं, आणि तेही कायम बघत राहील असं नाही. मला आता रजाच रजा आहे. वाट बघणारं कुणी नसलं की ती किती लांबते, ते मला विचारा.