तळ्याचा कागद

परसातल्या तळ्याचा कागद मी ओढून पुरवला, त्याच सकाळी आमचं स्वयंपाकघर आखूड झालं. फार नाही. शालन ओट्याशी चपात्या लाटायची तेव्हा तिच्या पाठीमागून एक माणूस जाईल एवढी वाट असायची, ती गेली. मी पाणी प्यायला आत गेलो तर माठापर्यंत पोचायला मला अंग चोरावं लागलं.

"भिंत पुढं आलीय," शालन म्हणाली आणि तव्यावरची चपाती उलटली.

भिंत जागेवरच होती, मधली जमीन कमी झाली होती. माझ्या ते लगेच लक्षात आलं, कारण कापडाशी मी जन्मभर हेच करत आलो. एका बाजूला पुरवायचं म्हणजे दुसऱ्या बाजूने घ्यायचं.

मी टेलर. बस स्टँडमागच्या गल्लीत जयवंत टेलर्स म्हणून विचारलं तर कुणीही दुकान दाखवेल. दुसऱ्याला जिथे सदऱ्यापुरतं कापड दिसायचं, तिथे मी सदरा शिवून वर पोराची चड्डी काढत असे. गिऱ्हाईक पायरी चढतानाच मला त्याचं माप कळायचं. या नजरेचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

शालनचं माहेर तलावाकाठचं. मेथी निवडता निवडता ती एकदा म्हणाली होती, परसात एखादं कमळ असतं तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली. मी ते धरून बसलो. ती विट्याला विमलकडे, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीकडे, बारशाला गेली आणि मी गडी लावून अख्खं परस खणून काढलं. तुळशीचा कट्टा कोपऱ्यात सरकवला, कपडे वाळत घालायच्या दोरीचे खांब उपटले. शेततळ्याला घालतात तो प्लास्टिकचा जाड काळा कागद आणला. वरून लांबी-रुंदी नजरेने धरली आणि तेवढाच आणला, जास्तीचा घेऊन वाया कशाला घालवायचा? कागदाला आधी खाली उतरायचं असतं, तळावर पसरायचं असतं आणि पलीकडच्या काठाने पुन्हा वर चढायचं असतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. जन्मभर लोकांच्या पोटाचे घेर धरले आणि खड्ड्याला पोट असतं हे विसरलो.

तळं भरून त्यात कमळाचा कंद लावला. शालन परत आली, मागच्या दारात उभी राहिली आणि "केवढं हो हे," म्हणाली. मला वाटलं, खूश झाली.

पाणी पहिल्या दिवसापासूनच गळत होतं. स्वयंपाकघराच्या बाजूला कागद काठापर्यंत पोचतच नव्हता, तिथून ते मुकाट जमिनीत जायचं. मी चिकणमाती थापली, डांबर ओतलं, सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावली. काही धरेना. शेवटी पाण्यात उतरून दोन्ही हातांनी कागद ओढला. येण्यासारखा नव्हता, तरी आला. आला तो चांगला काठाबाहेर लोंबायला लागला, तेव्हा मी कात्री घेऊन जास्तीचा भाग सरळ रेषेत कापून टाकला. शिंपी माणसाला लोंबतं बघवत नाही.

मग दुसरी बाजू गळायला लागली. मी तीही ओढली आणि लोंबतं कापलं. मधलं घर आक्रसलं. कपाटाचं एकच दार उघडायचं, दुसरं पलंगाला अडायचं. मग पलंगही आखूड झाला आणि आम्ही पाय पोटाशी घेऊन निजायला लागलो. शालनने कुरकुर केली नाही. डब्यांची मांडणी भिंतीवर वर नेली, पाटा-वरवंटा विमलला देऊन टाकला, आणि स्वतः आडवं चालायला शिकली. मी मनात म्हणत होतो, एवढी एक बाजू झाली की संपलं. प्रत्येक बाजूला मी हेच म्हटलं.

गावात मात्र आमचं नाव झालं. लोक संध्याकाळी तळं बघायला यायचे. घर कोण बघतं? बोळातून थेट परसात यायचे आणि काठावर बसून माझं कौतुक करून जायचे. विमलही येऊन गेली. आत बसायला जागा नव्हती म्हणून ती उंबऱ्यावर गुडघे हनुवटीला टेकवून बसली आणि म्हणाली, "दाजी, हौस करावी तर तुमच्यासारखी." जाताना तिने कापलेल्या कागदाची एक लांब पट्टी मागून नेली, अंगणातल्या कांद्यावर झाकायला. बाकीच्या पट्ट्या मी घंटागाडीत टाकल्या होत्या.

कमळाला कळी आली त्या दिवशी स्वयंपाकघर पूर्ण संपलं. शालनने शेगडी पुढच्या सोप्यात नेली. मी पानं बाजूला करून तळ्यात बघितलं तर खाली काळ्या कागदावर आमच्या ओट्याची फरशी दिसत होती, तिच्यावर हळद-तिखटाचा मिसळणाचा डबा झाकण लावून ठेवलेला, आणि त्याच्या वर, उताराला चिकटलेली, स्वयंपाकघराची खिडकी. गज, कडी, सगळं जागच्या जागी. पाण्यात असून कोरडं होतं. मी पानं पुन्हा होती तशी केली आणि शालनला काही सांगितलं नाही.

शेवटची बाजू बोळाकडची. ती गळायला लागली तेव्हा घरात ओढण्यासारखं एवढंच उरलं होतं: सोप्याची एक पट्टी, तिच्यावर शेगडी आणि शेगडीशी शालन. मधल्या भिंती गेल्या होत्या, त्यामुळे तळ्यात उभा राहून मला ती समोर दिसायची. पाणी उतरत चाललं होतं. कळीने मान टाकली होती.

"ओढा की," शालन म्हणाली. "पाणी कमी झालंय."

मी कागद धरून किंचित ओढला. तिच्या साडीच्या निऱ्या माझ्याकडे सरकल्या. तिने खाली बघितलं, पदर सावरून घेतला आणि पुन्हा आमटी ढवळायला लागली. मी ओढायचं थांबलो. कापड कमी पडलं म्हणून मी कधी घाबरलो नव्हतो, त्या वेळी घाबरलो.

"तुला केवढं हवं होतं?" मी विचारलं.

"घमेलंभर पाणी पुरलं असतं. चपात्या करताना खिडकीतनं दिसलं म्हणजे झालं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खणून मोकळे झाला होता," ती म्हणाली. "आणि तुमच्या तोंडावर एवढा आनंद होता. म्हटलं असू दे."

तिला विचारायला मला किती वेळ लागला असता? मेथीची जुडी निवडून व्हायच्या आत बोलणं झालं असतं. घमेलं घरात होतं. मला स्वतःची इतकी चीड आली की ती कळी मुळासकट उपटून फेकावी असं वाटलं, पण त्यात कळीचा काय दोष?

चुकीचं शिवलेलं कसं उसवायचं हे तरी मला येत होतं. मी बादलीने तळं उपसायला घेतलं. शालन म्हणाली, घर परत येईल तेव्हा आत कुणीतरी पाहिजे, मी आतच थांबते. मला ते पटलं. पाणी संपल्यावर मी कागद दाबायला काठावर ठेवलेले दगड एकेक करून उचलले, आणि कागद आपणहून मागे जायला लागला. आवाज असा नाहीच. आधी सोपा रुंद झाला. मग मधलं घर उघडलं, पलंग लांब झाला, कपाटाचं दुसरं दार उघडलं. शालन एकेका दारातून पुढे येत होती, प्रत्येक ठिकाणी थांबून हात लावून बघत होती. शेवटी स्वयंपाकघर उभं राहिलं आणि ती खिडकीशी आली. गजांमागे तिचा चेहरा बघून मला रडू आलं.

"सगळं आहे," ती आतून म्हणाली. "मिसळणाचा डबासुद्धा आहे. या आता."

मी मागच्या दाराकडे निघालो. दार उघडंच होतं. उंबऱ्याच्या अलीकडे, लुगड्याच्या काठाएवढ्या रुंदीची, एक पट्टी कमी होती. तिथे खड्डा नव्हता, माती नव्हती, अंधारही नव्हता. तिथे जागाच नव्हती. मी पाय उचलून पलीकडे टाकला, तो अलीकडेच पडला. उडी मारली, तरी परसातच होतो. बोळातून वळसा घालून पुढच्या दाराशी गेलो. मी प्रत्येक खेपेला कापत आलो होतो, तेव्हा तिथेही तेवढंच कमी होतं.

मी परसात येऊन विमलला फोन लावला आणि पट्टी परत मागितली.

"ती होय? मी दोन तुकडे केले तिचे," विमल म्हणाली. "एक शेजारणीला दिला. दाजी, एक विचारू का? त्याच्याखालचे कांदे काढायला गेलं की फोडणीचा वास यायचा. कशाचा कागद होता हो तो?"

मी म्हटलं, तुझ्याकडचा तुकडा तरी जपून ठेव. ती म्हणाली, तोही कालच्या वाऱ्यात उडून गेला. घंटागाडीतल्या पट्ट्या तर केव्हाच डेपोवर गेल्या होत्या.

शालनने स्वयंपाक केला. तिने माझं ताट वाढून खिडकीत ठेवलं आणि गजांखालून बाहेर सरकवलं. ताट बाहेर आलं ते आतच, ओट्यावर. तिने पुन्हा सरकवलं. पुन्हा ते ओट्यावर. मग तिने ताटावर झाकण ठेवलं.

"फार नाहीये," मी तिला म्हणालो. "एवढंसं आहे. मी नवा कागद आणतो, तेवढा तुकडा जोडून घेऊ."

"या खेपेला माप घ्या," शालन म्हणाली.

मी गळ्यातली टेप काढली. एक टोक हातात धरलं आणि दुसरं खिडकीकडे फेकलं. ते मात्र पोचलं. ताटाला जे जमलं नाही ते टेपला जमलं, मला इतकं बरं वाटलं की मी हसलो. शालनने ते टोक गजांतून आत घेतलं, बोटाला एक वेढा दिला आणि ताणलं.

"किती भरलं?" तिने विचारलं.

मी वाचायला खाली बघितलं. टेप माझ्या चिमटीतून सरकत आत चालली होती. शेवटचा आकडा बोटांखालून गेला. त्याच्यापुढे कोरी पट्टी आली, पिवळी, रेघसुद्धा नसलेली, आणि तीही सरकत राहिली.

"ऐकू येतंय का?" शालनने विचारलं. आवाज आधीपेक्षा लांबून आला. "किती भरलं?"